हसुराम घरत यांची काच

अन्याय झाला तो हसुराम धर्मा घरत यांच्यावर. सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. ती फाइलवर उमटलेली आहे आणि भर सुनावणीत मोठ्याने वाचली गेली आहे. अन्याय करणाऱ्याचं नावही लगेच सांगून टाकते, कारण मी पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता की गुन्हेगाराचं नाव पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, लोक पुढचं वाचतीलच असं नाही. प्रज्ञा जाधव. मिठागर समितीची पत्रकं लिहिणारी. म्हणजे मी.

आता घरतकाका कोण, ते सांगते.

आमचं गाव न्हावा शेवाच्या मागच्या अंगाला, खाडीवर. सकाळी साडेनऊला एक साठी उलटलेला माणूस सायकलच्या कॅरियरला थर्माकोलची पांढरी पेटी बांधून निघतो. गावात नवीन आलेल्या सुना त्याला हमखास हाक मारतात, "ओ मामा, पापलेट कशी दिली?" मामा सायकल थांबवतात, एक पाय टेकतात आणि अजिबात न हसता सांगतात, "पापलेट न्हाय. लॅपटॉप हाय."

थर्माकोलला ऊन लागत नाही, धक्का लागत नाही, आणि चोराला वाटतं आत बोंबील आहेत. हे काकांचं शास्त्र. पेटीला दोन पट्टे, आणि पट्ट्यांच्या कडीत कंटेनर यार्डातलं पिवळं प्लास्टिकचं सील. सील एकदा लावलं की तोडल्याशिवाय उघडत नाही, आणि प्रत्येकावर वेगळा नंबर. काका लॅपटॉप उघडायचा म्हणजे आधी सील तोडणार, तुटलेला नंबर डायरीत लिहिणार, काम झालं की नवीन सील लावणार, नवा नंबर लिहिणार. मी एकदा त्यांना नुसतं विचारलं होतं की बोटीचं वेळापत्रक बघता येईल का. दोन सिलं गेली. बोटही गेली.

काकांनी सव्वीस वर्षं एका कंटेनर यार्डात काढली. आधी गेटवर डब्यांचे नंबर उतरवायला, मग संगणकाच्या खोलीत. एके दिवशी त्या खोलीतलं सगळं 'वर', म्हणे क्लाउडवर, गेलं. म्हणजे यंत्रं गेली, थंड हवा गेली आणि काकांनाही घरी पाठवलं. वर म्हणजे नक्की कुठे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पण सव्वीस वर्षांत एक गोष्ट त्यांच्या हाडात शिरली होती ती तशीच राहिली: जगात जे काही आहे ते कुठल्यातरी डब्यात आहे, आणि डबा ओळखता आला नाही तर आतला माल तुमचा नाही. त्यामुळे तुम्ही त्यांना काहीही सांगा, ते पहिला प्रश्न एकच विचारतात. "डबा कुठचा?"

मी समितीत नवीन होते तेव्हा त्यांनी मला ओटीवर बसवून शिकवलं. खऱ्या कंपुटरला पोटात डिस्क असते. पण कंपुटरात दुसरा खोटा कंपुटर चालवायचा तर त्याला डिस्क कुठून येणार? तर त्याची अख्खी डिस्क म्हणजे एक फाइल. एक डबा. मग डब्यांच्या जाती. रॉ म्हणजे साधा, उघडा, जसाच्या तसा. चाळीस जीबीची डिस्क असेल तर फाइल चाळीस जीबी, रिकामी जागासुद्धा मोजून घेतलेली. व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडी हे कंपन्यांचे डबे. ज्याची क्रेन त्याचा डबा, एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. आणि त्यात डायनॅमिक म्हणून एक प्रकार: बाहेर लिहिलंय चाळीस, आत आहेत अकरा, माल येईल तसा डबा फुगतो.

इथवर ठीक होतं. पण काका माणसांनाही डब्यात घालायचे. आमचे समितीचे अध्यक्ष म्हात्रेदादा म्हणजे रॉ. "रिकामी जागा पन धरून चालतो तो." ग्रामसेवक म्हणजे व्हीएमडीके, एक माणूस पण चार तुकड्यांत, एक तुकडा पंचायतीत, एक तालुक्याला, आणि चारही एकत्र असल्याशिवाय उघडत नाही. आगरदांड्याहून शेजारच्या मुलीला स्थळ आलं, मुलाकडच्यांनी दोन होड्या आणि नारळाची बाग सांगितली, तेव्हा मुलीच्या बापाने काकांना मत विचारलं. काका म्हणाले, डायनॅमिक वाटतोय, आत बघून घ्या. बाप जाऊन बघून आला. होडी एकच होती आणि ती भावाची होती. त्या घरातून काकांना हळदीचं आमंत्रण मिळालं, पण मुलाकडची माणसं अजून त्यांना 'तो कंपुटरवाला इबलीस' म्हणतात.

मी धीर करून विचारलं, मी कुठला डबा?

"तू डायनॅमिक गो. पुढं फुगशील. आता आत काय न्हाय."

हे मला, जिची पत्रकं पनवेलपर्यंत वाटली जातात. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता मुद्द्याचं. आमच्या खाडीवरचं मिठागर भरावाखाली जाणार आहे, तिथे गोदामं येणार आहेत. जे तिथे राबले त्यांना पुनर्वसनात धरायचं, असं ठरलं. राबले याचा पुरावा काय, तर हजेरी. आणि हजेरीच्या कागदी वह्या बांध फुटला त्या साली भरतीच्या पाण्यात गेलेल्या. उरला होता मीठ संस्थेच्या कचेरीतला एक जुना संगणक, ज्यात एका कारकुनाने वह्या बुडायच्या आधी सगळी हजेरी उतरवून ठेवली होती. संस्था बंद पडली, संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला, आणि घरतकाकांनी तो टेम्पो सायकल आडवी घालून थांबवला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या मरायला टेकलेल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली, रॉ डब्यात, चाळीस जीबी, आणि त्या डब्यातून जुना संगणक आपल्या लॅपटॉपच्या पोटात जिवंत केला. हजेरीचा तो कार्यक्रम दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर उघडत नाही. त्या खोट्या संगणकात उघडतो.

या फाइलचं नाव त्यांनी ठेवलं 'तळ'. तळ म्हणजे पुरावा, तळाला हात लावायचा नाही. संगणक नुसता चालू केला तरी तो स्वतःच्या डिस्कवर काहीबाही लिहीत बसतो, म्हणून तळ थेट चालूसुद्धा करायचा नाही. काकांनी त्यावर 'फक्त वाचा' अशी खूण करून ठेवली होती. मग काम करायचं कसं? तर तळावर दुसरी फाइल ठेवायची, तिचं नाव 'वरची'. ती क्यूकाऊ नावाच्या जातीची, आणि ती छोटी असते, कारण तिच्यात फक्त नवीन लिहिलेलं राहतं. काका सांगायचे, हजेरीच्या वहीवर काच ठेवायची. लिहायचं ते काचेवर. बघताना वही आणि काच एकदम दिसते, वाटतं वहीतच लिहिलंय. पण वहीला शाई लागत नाही.

काचेवर काका काय लिहीत होते? बायकांची नावं. हजेरी लागायची पुरुषाची. पण मिठाच्या वाफ्यावर पाट्या वाहायला माणूस एकटा कधीच नसायचा, बायको, बहीण, सून, कोणीतरी दुसरी पाटी घेऊन असायचीच, आणि तिचं नाव कुठेही नाही. समितीच्या मागण्यांत याचा उल्लेख नव्हता. माझ्या पत्रकांतही नव्हता. काका मात्र दोन वर्षं ती पेटी घेऊन घरोघर जात होते आणि प्रत्येक हजेरीसमोर, काचेवर, दुसऱ्या पाटीचं नाव लिहीत होते. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याला घरी करमत नाही.

सुनावणी गुरुवारची ठरली. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं सोमवारी आलं. ते रविवारी पेटी समितीच्या कचेरीत ठेवून गेले आणि मला सांगून गेले की गुरुवारी मी थेट सुनावणीला येतो, तवर सील तोडू नको. पासवर्ड मला माहीत होता. विश्वासाने सांगितलेला.

सोमवारी दहा वाजता समितीच्या वकीलबाईंचा फोन आला. त्यांच्या संगणकवाल्याला हजेरीची डिस्क आज हवी होती, आणि त्याच्या यंत्राला चालेल अशी, म्हणजे व्हीएमडीके. म्हात्रेदादा म्हणाले, दे की करून, तुला येतं ना. मला येत होतं. ओटीवर शिकलेलं सगळं येत होतं.

मी नेलकटरने सील तोडलं.

तळ आधी उघडून बघावा म्हटलं, माल ठीक आहे ना. चालू होईना. 'फक्त वाचा' ही खूण आड येत होती. मी ती काढली. तळ थेट चालू केला, हजेरी समोर आली, मी टाळी वाजवली आणि यंत्र नीट बंद केलं. घड्याळात तेव्हा किती वाजले होते ते तुम्हाला माहीतच आहे.

मग व्हीएमडीके करायला घेतली. लॅपटॉप म्हणाला, जागा कमी पडते आहे. थोडीशीच. आता आमच्या कचेरीची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे एका पत्रकाच्या सहा फायली असतात: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल दादांनी बघितलेली', अशा. पत्रक छापून झालं की सगळ्यात मोठी ठेवायची आणि बाकीचा कचरा उडवायचा. मसुदे मागे ठेवायचे नाहीत, ही चळवळीची शिस्त आहे आणि तिचा मला अभिमान होता. समोर दोन फायली होत्या. एक चाळीस जीबीची. एक तिच्यापुढे किरकोळ. मी किरकोळ उडवली. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण त्याशिवाय जागा मोकळी होत नाही हे मला नीट माहीत होतं.

व्हीएमडीके झाली. पेटीच्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह होता. तो म्हणाला, एवढी मोठी फाइल माझ्यात मावणार नाही, मला आधी फॉरमॅट करा. मी म्हटलं, कर. त्या पेनड्राइव्हवर 'वरची'ची एकुलती एक नक्कल होती.

एका सकाळी मी काच पुसली आणि काचेची नक्कलही पुसली. आणि समितीच्या ग्रुपवर टाकलं, 'काम फत्ते'. म्हात्रेदादांनी अंगठा दाखवला.

गुरुवारी काका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आले. भराव टाकणाऱ्या कंपनीचा माणूस हुशार होता. त्याने वकीलबाईंची फाइल बाजूला सारली आणि मूळ प्रत मागितली. लॅपटॉप उघडला गेला. त्याने तळाच्या नावावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं की ही नक्कल संस्था बंद पडली तेव्हाची म्हणता, मग या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हिच्यात कोणी हात घातला?

मी दुसऱ्या रांगेत होते. मांडीवर वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, 'खरं बोलायला घाबरता का?' ते मीच लिहिलं होतं.

प्रांतसाहेबांनी समितीकडे बघितलं. म्हात्रेदादा उभे राहिले आणि म्हणाले की फाइल घरत यांच्या खाजगी ताब्यात असते, समितीने ती कधी उघडलेली नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने अंगठा दाखवला होता तो माणूस हे बोलत होता. मग माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा बसूनच आहे. ते बोलले तरी होते, मी तेवढंही केलं नव्हतं.

काका एका डोळ्याने स्क्रीनवर वाकले. तळ बघितला. मग त्याच्या खाली बघितलं, जिथे 'वरची' असायची. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे, एकदाच. आणि सरळ उभे राहिले.

"साहेब, पेटी माझी. सील माझं. झालं ते माझ्या पेटीत झालंय. मना आठ दिस द्या, दुसरी प्रत हाय, सीलबंद."

एवढंच. माझं नाव नाही, दादांचं नाव नाही. बाहेर पडेपर्यंत लोक ठरवून मोकळे झाले होते. कोणी म्हणालं, येड्याच्या हातात गावाचं भवितव्य दिलं. कोणी म्हणालं, येडा कसला, कंपनीने फोडलाय. ज्या घरांत काकांनी दोन वर्षं चहा घेतला त्या घरांतली माणसं हे म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओटीवर गेले आणि सगळं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. ऐकून घेतलं. मग विचारलं, पेनड्राइव्ह? मी म्हटलं, फॉरमॅट केला. त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.  मग म्हणाले, "कन्वर्ट करून डबा कुठचा केलास?"

मी म्हटलं, व्हीएमडीके. डायनॅमिक.

"तेवढा बराबर केलास."

मी रडायला लागले तर म्हणाले, पाट उचलून सावलीत बस.

आठ दिवसांनी दुसरी सुनावणी. काकांनी नक्कल केली त्याच दिवशी तळाची आणखी एक प्रत काढून ठेवली होती आणि तिचा नंबर. हा नंबर यंत्र स्वतः त्या फाइलमधून काढतं, चौसष्ट अक्षरांचा. आत एक स्वल्पविराम जरी हलला तरी अख्खा नंबर बदलतो. काकांनी तो स्टँपपेपरवर हाताने लिहून त्यावर पाच जणांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि त्यातली एक सही मीठ संस्थेच्या त्या वेळच्या व्यवस्थापकाची होती, जो आता कंपनीच्याच बाजूला बसला होता. यंत्राने नंबर काढला. तो कागदाशी ताडायचा होता. कारकून एकेक अक्षर वाचू लागला, सात, बी, चार, चार, शून्य, एफ. पहिल्या दहापर्यंत लोक जांभया देत होते. तिसाच्या पुढे खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पन्नासाला म्हात्रेदादा पुटपुटत बोटं मोजत होते. चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा मागून कोणीतरी तंबोल्यात ओरडतात तसं 'हाउसी' म्हणालं आणि प्रांतसाहेबांनी डोळे वटारले.

तेव्हा मी उठले आणि सोमवारचं सांगितलं. उशीर झाला होता हे मला कळतं. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि बसा म्हणाले. दादांनी मला त्याच दिवशी ग्रुपवरून काढलं. पत्रकं आता त्यांचा पुतण्या लिहितो. त्याच्या पहिल्याच पत्रकात गुन्हेगाराचं नाव चौथ्या परिच्छेदात आहे.

तळ मान्य झाला. पुरुषांची हजेरी वाचली. साहेबांनी पुढे विचारलं की ज्या स्त्रियांची नावं हजेरीत नाहीत त्यांची यादी आहे असं घरत यांच्या अर्जात म्हटलंय, ती कुठे आहे? काका म्हणाले, होती. साहेबांनी एक महिना दिला. प्रत्येक नावाला दोन साक्षीदार, दोन वेगळ्या घरांतले, आणि त्या बाईच्या स्वतःच्या घरातला कोणी नको.

तेव्हापासून पेटी मी वाहते. काकांना डॉक्टरांनी सायकल बंद केली आहे, ते पुढे चालतात, मी मागून पेटी डोक्यावर घेऊन. सुना आता मला विचारतात पापलेट कशी दिली. पहिल्या घरी गंगूबाई म्हणून आजी, ऐंशीच्या पुढची, पाय पसरून जाळं शिवत बसलेली. काकांना बघून म्हणाली, "परत आलास काय रं हसुराम? माजं नाव उंदरांनी खाल्लं काय?"

मी म्हटलं, आजी, मी पुसलं. चुकून.

तिने मला खालून वरपर्यंत बघितलं. "मंग लिव परत. तुज्या डब्यातून गेलं, माज्याकडनं न्हाय गेलं."

असं एकेक घर. काही दारं बंद मिळतात. काही उघडतात ती टोमणे मारायला. काका टोमणा पूर्ण ऐकतात, मग विचारतात, तुमच्या बांधावर अजून कोण होत्या? साक्षीदाराला ते एक अक्षर सुचवत नाहीत. मी एकदा एका म्हातारीला आठवेना म्हणून नाव सांगायला गेले, तर त्यांनी ती नोंदच रद्द केली आणि मला म्हणाले, पढवलेली साक्ष म्हणजे फोडलेलं सील.

आणि एक गोष्ट मी बघत होते. काम संपतं, लॅपटॉप मिटतो, सील लागतं, नंबर डायरीत जातो, आणि काका उठत नाहीत. चहा झालेला असतो. ते अजून अर्धा कप मागतात. म्हाताऱ्या बाया आपसात बोलत असतात, कोण कुठल्या वाफ्यावर होती, कोण कशी घसरली, आणि काका खाली बघत कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसतात. एकही प्रश्न नाही. मला वाटायचं, एकटा माणूस, घरी जाऊन करणार काय. महिना संपत चाललेला आणि हे आपले बसलेले. मला रागही यायचा.

मग एका दुपारी मी यादी जुळवत बसले होते तेव्हा हजेरीत एक नाव दिसलं. धर्मा गोमा घरत, अगदी शेवटचा वाफा, खाडीच्या तोंडाशी. काकांचे वडील. समोरचा रकाना कोरा. मी विचारलं, काका, इथे दुसरी पाटी कोणाची?

"आयेची."

मग लिहा ना.

"मी घरातला. माजी साक्ष चालत न्हाय."

मी म्हटलं, मग इतकी घरं हिंडलो, कोणाला तरी विचारायचं होतं.  त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "सगल्यांच्या आयांची नावं इचारतंय मी. आपल्या आयेचं कसं इचारू? इचारलं म्हंजे सुचवलं. कोन आपसूक बोललं तर बोललं."

पहिल्या यादीतही तो रकाना कोराच होता. दोन वर्षं. शेवटच्या वाफ्यावर माणसं थोडी, आणि त्यातली बरीचशी गेली किंवा लग्न होऊन लांब गेली. म्हणजे हा माणूस शंभरावर घरांत दुसऱ्यांच्या आयांची नावं लिहून झाल्यावर अर्धा कप चहा जास्त घेत बसला, कोणीतरी बोलता बोलता एक नाव घेईल म्हणून. आणि आम्ही त्याला येडा म्हटलं, फुटला म्हटलं, आणि मी तर वाट बघण्याची ती जागाच एका बटणाने उडवून दिली.

परवा आम्ही एक सही घ्यायला पुन्हा गंगूबाईकडे गेलो होतो. ती जाळ्याची गाठ मारता मारता कुठल्याशा पावसाळी भरतीची गोष्ट सांगत होती, आणि त्या गोष्टीत शेवटच्या वाफ्यावरची एक बाई आली. नावासकट. काकांच्या हातातला कप तिथेच थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, सील तोडलं, नंबर लिहिला, लॅपटॉप उघडला आणि इतर कोणालाही विचारतात त्याच आवाजात विचारलं, "दुसरी पाटी तिचीच होती, हे तुमी सोता बघितलं?"

"बघितलं म्हंजे? माजी पाटी तिनंच उचलून दिली डोक्यावर."

एक साक्ष झाली. दुसरी हवी, दुसऱ्या घरातली. मुदतीला नऊ दिवस आहेत.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. काका लिहू देणार नाहीत, आणि आता मलाही कळतं का ते. आमच्या खाडीवरून लग्न होऊन तुमच्याकडे आलेली कोणी बाई असेल, तुमची आई, आजी, सासू, आत्या, उरणला असो, मुरुडला असो की हरिहरेश्वराला, तर हा कागद ठेवा आणि आत्ता तिच्याजवळ जाऊन बसा. विचारा, खाडीच्या तोंडाशी शेवटच्या वाफ्यावर, धर्मा घरताबरोबर दुसरी पाटी कोण वाहत होतं? काही सुचवू नका. तिला वेळ द्या. नाव तिच्या तोंडून आलं की तिला घेऊन या.